सुप्याच्या वह्या आणि मुंबईचा कापूस : फोर्ट, कॉटन ग्रीन, लालबाग

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. ही गोष्ट आमच्या शिरूर, बारामती, पारनेर भागात आजही सांगितली जाते. सांगणारे बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतात: सावकार लुबाडत होते, लोक पेटले. मी शाळेत इतिहास शिकवते आणि मीही बरीच वर्षं एवढंच शिकवत होते. पण पुणे आणि नगर जिल्ह्यातली तीसहून अधिक गावं एकाच उन्हाळ्यात उठतात, ती फक्त गावातल्या सावकाराच्या हावेपायी, हे मनाला पटत नव्हतं. रोखा गावात लिहिला जायचा. त्याला जोर कुठून येत होता? कापसाचा भाव, साऱ्याचे म्हणजे जमिनीवरच्या सरकारी कराचे ठराव, कोर्टाचे कायदे, या सगळ्याचं टोक मुंबईत होतं. म्हणून फेब्रुवारीत वडिलांना घेऊन मुंबईला गेले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आयुष्यभर जिरायती शेती केलेला माणूस, त्यामुळे मला सुचणार नाहीत असे प्रश्न त्यांना सुचतात.

गुरुवार : घाट उतरताना

पुण्याहून सकाळची गाडी धरली. लोणावळा सोडल्यावर अण्णा खिडकीला चिकटले. हवेत गारवा होता, दरीत धुकं साचलेलं. भोर घाटातली ही रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवर नाहीतर गाड्यांतून घाटाखाली यायचा. गाडी बोगद्यातून बाहेर पडली तसं मी अण्णांना म्हटलं, "या रुळांच्या कामावर आपल्या भागातली माणसं मजुरीला होती. चार-पाच वर्षं हातात रोकड खेळली. रोकड दिसली की सावकारही उधारी सैल सोडतो. काम संपलं, मजुरी थांबली, उधारी मात्र राहिली."

अण्णा म्हणाले, "धरणाच्या कामाच्या वक्ताला आपल्याकडं हेच झालं होतं."

दादरला उतरून टॅक्सीनं लालबाग. आत्याच्या चाळीत जिना चढतानाच तळलेल्या बोंबलांचा वास. सोबत नेलेली बाजरी आणि हुरड्याची पिशवी आत्यानं आधी हातात घेतली, मग आम्हाला पाणी दिलं. हुरडा रात्रीच सगळ्या मजल्यावर वाटून संपला.

शुक्रवार : काळा घोडा, पुराभिलेखागार

काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. बाहेर रस्त्यावर तुफान वर्दळ. आत उंच छत, जाड दगडी भिंती, जुन्या कागदाचा तो कोरडा वास. अर्ज, ओळखपत्र, शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र असं सगळं दिल्यावर बसायला टेबल मिळालं. कागद आणून देणारे कर्मचारी पारनेर तालुक्यातले निघाले. मी विषय सांगितला तसे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडंही झाल्या होत्या दंगली. आजोबा सांगायचे." त्यानंतर दिवसभर ते मधूनमधून टेबलापाशी येऊन काय सापडलं ते विचारत होते.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो दख्खनच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या छापील अहवालावर. हा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पानांच्या कडा विटकरी झालेल्या, उलटताना भुगा पडतो, त्यामुळे पान दोन्ही हातांनी धरून उलटावं लागतं. मुख्य अहवालापेक्षा त्याच्या परिशिष्टांत माणसं भेटतात. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेनं नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज तिथे आहे. ते लिहितात की घरखर्च भागत नाही म्हणून पैसा, कापड, धान्य सावकाराकडूनच घ्यावं लागतं. रोख देणाऱ्याला जो भाव, त्याहून 25 ते 50 टक्के जास्त भावानं ते आम्हाला मिळतं. शेतातला माल सावकार उचलून नेतो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण वहीत टिपत नाही आणि पावतीही देत नाही.

पावती देत नाही, हे वाचून मी थांबले. वही सावकाराची, लिहिणारा सावकार, अंगठा तेवढा कुणब्याचा. सुप्याला लोकांनी आधी वह्याच का मागितल्या, ते यातून कळतं. दुकानांतलं धान्यही लुटलं गेलं, काही घरं पेटवली गेली, ते खरंच आहे. पण ज्या सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, त्याच्या वाटेला लोक फारसे गेले नाहीत, आणि एवढ्या मोठ्या उठावाच्या मानानं गंभीर मारहाणीचे प्रकार थोडे घडले, याचं सरकारलाही नवल वाटलं होतं.

आणखी एक प्रकारचा कागद होता: भाडेपट्टा. कर्जदाराची गाडी, बैल, नांगर हे कर्जापोटी सावकाराच्या नावे झालेले, आणि तोच शेतकरी तीच गाडी, तेच बैल सावकाराकडून महिन्याच्या भाड्यानं वापरतो आहे. बैलाचा चारापाणी, आजारपण सगळं शेतकऱ्याकडं, शिवाय भाडं. हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरच्या बैलाचं भाडं? माणूस कशाला जगला असंल तेव्हा?"

दुपारी फोर्टातल्या एका इराण्याकडे ब्रुन मस्का आणि चहा घेतला. तिथे टेबलावर वहीचा कागद पसरून मी त्यांना कायद्याची गोष्ट सांगितली. व्याजाच्या दरावर पूर्वी मर्यादा होती, ती 1855 च्या कायद्यानं उठवली. मग 1859 मध्ये मुदतीचा कायदा आला: रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, नाहीतर कर्ज बुडालं. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कोर्टाची भीती घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, हे नव्या रोख्याचं मुद्दल.

"म्हंजे नवं-जुनं," अण्णा लगेच म्हणाले. "सोसायटीत आपण दरसाल करतो."

"तेच. पण व्याजावर व्याज धरून."

अण्णांनी कागद स्वतःकडे ओढला. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये महिना. तीन वर्षांचं व्याज 72, नवा रोखा 172 चा. सहा वर्षांनी 296. नऊ वर्षांनी 509. रोखा न बदलता सरळ व्याज धरलं असतं तर नऊ वर्षांनी 316 झाले असते. आणि दामदुपटीची जुनी रीत, म्हणजे मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायचं नाही, ती पाळली असती तर 200 च्या वर जाताच आलं नसतं. नव्या रोख्यानं ती रीत अलगद बाजूला पडते, कारण व्याज मुद्दलात मिसळून गेलेलं असतं. आयोगाच्या चौकशीत एक असंही प्रकरण आलं होतं की 100 रुपयांच्या कर्जावर 2000 हून जास्त व्याज लावलेलं. हिशेब मांडण्यापूर्वी मला तो आकडा फुगवलेला वाटायचा. आता वाटत नाही.

पुराभिलेखागारात जाणाऱ्यांसाठी: शनिवार-रविवार सरकारी सुट्टी, त्यामुळे कामाचा दिवस राखून ठेवा. ओळखपत्राच्या प्रती, संस्थेचं पत्र आणि विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज तयार असू द्या. टिपणं काढायला पेन्सिल न्या. फोटो काढण्याचे नियम आणि शुल्क आधी विचारून घ्या. आणि ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर त्यांची बसायची सोय बघा. अण्णा सकाळभर बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते, ते मला फार बरं वाटलं नाही.

शनिवार : हॉर्निमन सर्कल ते मेट्रो

सकाळी सीएसएमटीसमोर पंचमकडे पुरी-भाजी खाऊन चालायला सुरुवात केली. अण्णांना टम्म फुगलेल्या पुऱ्या आवडल्या. फोर्टात शनिवारी गर्दी कमी असते, सावलीचे फुटपाथ असतात, दहा-साडेदहापर्यंत ऊन सुसह्य असतं.

हॉर्निमन सर्कलची बाग म्हणजे पूर्वीचं बॉम्बे ग्रीन. इथे कापसाच्या गाठींच्या राशी पडलेल्या असत. 1844 मध्ये कापसाचा व्यापार कुलाब्याला हलवला, मग 1860 च्या दशकात या मैदानाभोवती एकसारख्या इमारतींचं वर्तुळ उभं राहिलं. टाऊन हॉलजवळच्या वडाखाली दलाल जमायचे. त्याच दलालांतून पुढे शेअर दलालांची संघटना झाली, ती 1875 च्या जुलैत. सुप्याला मे महिन्यात वह्या जळल्या, दोन महिन्यांनी मुंबईत शेअर बाजाराची स्थापना. हे मी बागेच्या कठड्याला टेकून अण्णांना सांगितलं तेव्हा शेजारी बसलेले एक गृहस्थ वळून बघू लागले. चर्चगेटच्या एका ऑफिसात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, रोज इथे फेरी मारणारे. "मूळचा मी संगमनेरचा," म्हणाले, "पण हे दोन धागे एकत्र कधी ऐकले नव्हते." मग तेही टाऊन हॉलपर्यंत आमच्यासोबत आले.

धागा जोडणारी गोष्ट आहे अमेरिकेतलं यादवी युद्ध. 1861 मध्ये ते सुरू झालं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. 1861 मध्ये वीस लाखांवर गाठी गेल्या होत्या, 1862 मध्ये फक्त 55 हजार. इंग्लंडनं मोर्चा हिंदुस्थानाकडे वळवला. मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी भराभर पैसा सोडला, तो शहरी सावकाराकडून गावच्या सावकाराकडे आणि तिथून शेतकऱ्याकडे पोचला. कापूस लावला तर एकरी शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळाल्याच्या नोंदी आहेत.

इथे अण्णांनी मला अडवलं. "आपल्याकडं कापूस होताच कुठं? ज्वारी-बाजरीचा मुलूख आपला. कापूस खानदेशात, वऱ्हाडात."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि अनेक लेखांत हे निसटतं. भीमथडी-शिरूरच्या हलक्या जमिनीत कापूस थोडाच. पण तेजी एका पिकापुरती राहत नाही. इतरत्र कापसाखाली जमीन गेली की ज्वारीचा भाव चढतो, मजुरी चढते, गाडीभाडं चढतं. सावकाराचा हात सैल होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरकारलाही वाटू लागतं की कुणबी श्रीमंत झाला.

1865 च्या वसंतात युद्ध संपलं. कापूस कोसळला. बॅकबे भरावाच्या आणि इतर कंपन्यांचे आभाळाला भिडलेले शेअर जुलैत मातीमोल झाले, पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली. मुंबईच्या इतिहासात या पडझडीची पानंच्या पानं आहेत. गावाकडची पडझड सावकाश झाली. वरून पैसा येणं थांबलं तसं सावकारानं नवं कर्ज आखडलं आणि जुनं मागायला सुरुवात केली.

नेमक्या याच वेळी सारा वाढला. आमच्या भागात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची सारा ठरवण्यासाठीची जमीनपाहणी 1836 पासून इंदापुरात सुरू झाली, दर तीस वर्षांसाठी बांधलेले. म्हणजे फेरआकारणीची पाळी आली ती 1860 च्या दशकाच्या शेवटी. तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून नवे दर बसले, काही ठिकाणी 50 ते 100 टक्के वाढ. ते भरायचे होते पडत्या भावाच्या वर्षांत. आणि रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई त्या पद्धतीत, तो ठरलेल्या हप्त्याला रोखीतच द्यायचा. पाऊस पडो न पडो, बाजरीला गिऱ्हाईक असो नसो. हप्त्याच्या दिवशी कुणब्याला रोकड देणारा गावात एकच माणूस होता.

माझं मत मी इथे स्पष्टच लिहिते. सरकारी अहवालानं दोष मुख्यतः सावकाराच्या माथी मारला आणि आपण दीडशे वर्षं तेच सांगत आलो. वर त्याला जातीचा, परप्रांताचा रंग दिला. सावकारांनी लबाडी केली, त्याचे पुरावे मी शुक्रवारी वाचले होते. पण सावकाराच्या दारात शेतकऱ्याला नेऊन उभं करणारा हप्ता सरकारचा होता. आयोगातलेच एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी सारापद्धतीकडे बोट दाखवलं होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तर दंगलीच्या आधीच रयतेची स्थिती तपासून सारावाढीविरुद्ध आवाज उठवला होता. 1874 मध्ये मुंबई सरकारनं वाढीला मर्यादा घातली, म्हणजे वाढ जास्त झाली हे सरकारला कळत होतं. तोवर उशीर झाला होता.

टाऊन हॉलच्या पायऱ्या अण्णा दोन दमांत चढले. आत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतळा आहे. पेशवाई गेल्यावर दख्खनची व्यवस्था लावणारा तोच. एशियाटिकच्या वाचनालयात थोडा वेळ बसलो. लाकडी खुर्च्या, खिडकीतून येणारा समुद्राकडचा वारा, आणि पेपर वाचता वाचता डुलक्या घेणारे दोन आजोबा. संगमनेरकर गृहस्थांनी निरोप घेताना अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले.

दुपारनंतर ओव्हल मैदान. मुलांचे क्रिकेटचे एकात एक घुसलेले वीसेक सामने आणि मागे राजाबाई टॉवर, त्याला लागून हायकोर्ट. टॉवरसाठी दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये, कापसाच्या भर तेजीत दिले. मनोरा पुरा झाला 1878 मध्ये. हायकोर्टाची इमारतही 1878 ची. दख्खन आयोगाचा अहवालही 1878 चा. आणि 1876 ते 78 हा आमच्याकडचा मोठा दुष्काळ. मी हे सगळं अण्णांना ओळीनं सांगितलं. ते मनोऱ्याकडे मान वर करून बघत होते. "दगड चांगला घडवलाय," एवढंच म्हणाले.

हायकोर्टाकडे बघताना मला शिरूर तालुक्यातल्या करड्याची आठवण येत होती. दंगलीच्या आधी, 1874 च्या अखेरीस, तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा आणला आणि त्यांचं घर घेतलं. देशमुखांनी घरात राहू देण्याची विनंती केली, ती त्यानं मानली नाही. घर पाडलं. गावानं त्याच्यावर बहिष्कार टाकला: न्हावी नाही, पाणी भरणारा नाही, कामाला गडी नाही. शेवटी त्याला गाव सोडावं लागलं. करड्यातून आम्ही आठवड्यातून एकदा तरी जातो. पूर्वी गावातलं देणंघेणं पंचांच्या आणि भिडेच्या जोरावर चालायचं, सावकारालाही गावाला जपून असावं लागायचं. 1859 नंतर त्याच्यामागे दिवाणी कोर्ट उभं राहिलं. कोर्ट कागद बघायचं, कागद कसा झाला ते बघत नव्हतं. दंगलीनंतर 1879 मध्ये पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा झाला, तेव्हा कुठे न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. त्याआधी दंगलीत 951 माणसं पकडली गेली आणि 501 जणांना शिक्षा झाल्या. कायदा मिळाला तो या माणसांमुळे मिळाला, असं मला वाटतं. त्यांची नावं आपल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत.

संध्याकाळी चालत मेट्रो सिनेमाच्या चौकात आलो. सगळे त्याला मेट्रोच म्हणतात, पण चौकाचं नाव वासुदेव बळवंत फडके चौक. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दुष्काळात गावोगाव फिरून त्यांनी माणसं मरताना पाहिली आणि रामोश्यांना सोबत घेऊन 1879 मध्ये बंड उभारलं. त्यांच्या सुरुवातीच्या धाडींपैकी एक धामारीला पडली, आमच्याच शिरूर तालुक्यात. सुप्याच्या लोकांनी सावकाराचा कागद जाळला होता. फडक्यांनी चार वर्षांत थेट सरकारकडे बोट वळवलं. त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं, तिथेच 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते गेले. चौकात पाच रस्त्यांची वाहनं अंगावर येत होती, तरी अण्णांनी टोपी काढून नमस्कार केला.

फिरणाऱ्यांसाठी: सीएसएमटी, हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉल, ओव्हल, मेट्रो असा क्रम ठेवला तर सगळं पायी होतं, पण दुपारी बारा ते तीन कुठेतरी आत बसा. फेब्रुवारीतही घाम काढतं. राजाबाई टॉवर बाहेरूनच बघायचा. टाऊन हॉलच्या वाचनालयाच्या वेळा आधी फोनवर विचारा.

रविवार : भायखळा, कॉटन ग्रीन, शिवडी

सकाळी राणीच्या बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. ज्यांचं नाव आज त्याला आहे ते डॉ. भाऊ दाजी या शेअरच्या वेडात आपली बरीचशी कमाई गमावून बसले होते. आत मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत: वेगवेगळे धंदे करणारी माणसं, त्यांचे पोशाख, अवजारं. अण्णा काचेला नाक लावून प्रत्येक अवजार बघत होते आणि शेजारच्या शाळकरी मुलांना कुठलं कशाला वापरतात ते सांगत होते. मुलांच्या बाई कौतुकानं बाजूला उभ्या राहिल्या. इथे दोन तास कसे गेले कळलं नाही. (बुधवारी बंद असतं.)

हार्बर लाईनवर रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, शनिवारी रात्रीच बघून ठेवा. आम्ही टॅक्सी केली. कॉटन ग्रीन हे नाव अण्णांना स्टेशनच्या पाटीवर वाचायचं होतं, म्हणून आधी स्टेशन. कुलाब्याहून कापसाचा बाजार 1920 च्या दशकात इकडे शिवडीला आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत रस्त्यावरून दिसते. आसपास गोदामांच्या रांगा, बरीच कुलूपबंद, मध्ये ट्रक उभे. एका टपरीवर चहा घेताना गोदामात हमाली केलेले काका भेटले. सातारा जिल्ह्यातले, वय सत्तरच्या पुढे. गाठ कशी उचलायची ते त्यांनी करून दाखवलं. लोखंडी आकडा पट्टीत अडकवायचा, गुडघा टेकवायचा, कमरेत न वाकता वळवायची. दाखवता दाखवता त्यांच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. अण्णांनी विचारलं, "भाव कोण ठरवायचं?"

"आम्हाला काय कळतंय? शेठ लोक वर बसायचे. खाली आवाज यायचा नुसता."

शिवडीच्या जेट्टीवर भरतीच्या आधी पोचलो. डोक्यावर अटल सेतू, खाली चिखलात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे. अण्णांनी असे पक्षी भिगवणला पाहिलेले, त्यामुळे ते लगेच ओळखीचे झाले. भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब जातात आणि नुसता चिखल दिसतो.

परतताना लालबागच्या मसाला गल्लीतून आत्यासाठी मिरच्या दळायला टाकल्या. आज आपण रविवारी हिंडतोय तेही गिरणी कामगारांमुळे, हे तिथे रांगेत उभं असताना मी बोलले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना बांधली आणि 1890 च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी. शेतकऱ्याचं कर्ज आणि गिरणीतला घाम ही माणसं वेगळे प्रश्न मानत नव्हती, कारण गिरणीत येणारा माणूस कर्जातूनच येत होता.

सोमवार : लालबाग

निघायच्या दिवशी सकाळी आत्यानं बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. गाडीला अवकाश होता. मी चार दिवस जे बोलत होते ते ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. भाकरी फडक्यात गुंडाळताना म्हणाली, "पोरी, तू एवढी दप्तरं चाळलीस. माझे आजेसासरे मुंबईला का आले ते कधी विचारलं नाहीस."

मी खाली बसले.

"पारनेरकडची बारा एकर होती. गहाणखत म्हणून अंगठा दिला. कागद निघाला खरेदीखताचा. कोर्टात गेले तर कागद खरा ठरला. मग भाऊ भाऊ मिळून चालत कल्याणला आले आणि तिथनं गाडीनं परळला. गिरणीत साचा, म्हंजे माग, चालवायला लागले." तिनं हात पदराला पुसले. "जमिनीचं नाव अजून सांगायचे. बाभळीचं शेत."

अण्णांनी विचारलं, "गट नंबर ठाऊक हाय का?"

"गट बिट कुठला तेव्हा? सर्व्हे नंबर असंल. ह्यांच्या ट्रंकेत एक कागद होता."

ट्रंक पलंगाखाली होती. वर जुन्या गोधड्या, खाली युनियनच्या पावत्या, बोनसचे कागद, आणि तळाला चौघडी घातलेला एक मोडीतला कागद. मला मोडी जेमतेम वाचता येते. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर लागला, सालाचा आकडा मात्र घडीवर फाटलेला. आत्यानं फोटो काढू दिला, कागद परत तिथेच ठेवला.

गावी आल्यावर पारनेरच्या तहसील कार्यालयात जुन्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींच्या, नकलेसाठी अर्ज दिला आहे. कुणाला असं काही शोधायचं असेल तर गाव, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल एवढं तरी सोबत ठेवा. आजच्या गट नंबरावरून मागे जाता येतं, पण एकत्रीकरणाच्या योजनेत नंबर बदललेले असतात, त्यामुळे वेळ लागतो. मोडी वाचून देणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. अण्णा दर सोमवारी मला विचारतात, नक्कल आली का.